पाच वायरी आणि अर्नाळ्याचा रस्ता

वसईतली साठी ओलांडलेली एक हेराल्ड, तिच्या प्लगच्या वायरी आणि भर पावसातली एक चक्कर...

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. 'वीकेण्डला काय केलंस?' कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी मॉलमध्ये, कुणी नुसतंच झोपा काढून. मी म्हटलं, 'वसईत गाडीच्या प्लगच्या वायरी बदलल्या.' दोन मिनिटं शांतता. मग शेजारच्या डेस्कवरून आवाज आला, 'अरे, गॅरेजवाल्याला द्यायची ना!'

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण ही गाडी गॅरेजवाल्याला द्यायची तर त्याला आधी ती ओळखता यायला हवी. हल्लीची पोरं बोनेट उघडून लॅपटॉप कुठे जोडायचा ते शोधतात. आणि हिचं बोनेट उघडणं हाच मुळात एक सोहळा आहे बॉस! दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या काढायच्या आणि मडगार्ड, हेडलाइटसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे कलतं करायचं. मग इंजिन, चाकं, स्टीअरिंगचे दांडे सगळं उघड्यावर. पुढच्या टायरवर मस्तपैकी बैठक मारून काम करायचं.

ही काकांची स्टॅण्डर्ड हेराल्ड. १९६४ची, दोन दरवाज्यांची, फिक्या निळ्या रंगाची. मूळची ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली. तिचं रूप जिओवानी मिकेलोटी या इटालियन डिझायनरचं. १९६१पासून मद्रासच्या स्टॅण्डर्ड मोटर्सनं ती भारतात बनवायला घेतली. पुढे हेराल्डचीच चॅसी आखूड करून ट्रायम्फनं १९६२मध्ये स्पिटफायर नावाची टू-सीटर स्पोर्ट्स कार काढली. डिझायनर तोच, इंजिनाचं घराणंही तेच. म्हणजे आमची हेराल्ड ही एका स्पोर्ट्स कारची सख्खी मोठी बहीण! ऑफिसात मी हे वाक्य बऱ्याच वेळा फेकलंय. ९४८ सीसीचं इंजिन आहे, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

मनातून उतरलेली गाडी

काकांनी ती १९७८ साली सेकण्डहॅण्ड घेतली. आमचं घर वसई गावाजवळ, वाडीत. केळी, नारळ, थोडी फुलझाडं आणि आंब्याखाली पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये हेराल्ड. माझ्या लहानपणीच्या सगळ्या लग्नांना, साखरपुड्यांना, अर्नाळ्याच्या सगळ्या सहलींना आम्ही तिच्यातूनच गेलो. आठ जण बसायचो. कसे, ते विचारू नका.

गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र घोळ झाला. काकूच्या पोटात अचानक जोरात दुखायला लागलं. धो धो पाऊस. दोघं निर्मळला नातेवाइकांकडे गेलेली. काकांनी तिला गाडीत घातलं आणि हॉस्पिटलकडे निघाले. निर्मळच्या तळ्यापाशी गाडी मिसिंग मारायला लागली. दोन गचके, आणि बंद. काका बोनेट उघडून भिजत उभे, काकू आत कळवळतेय. शेवटी एका रिक्षावाल्यानं तिला नेलं. काका गाडीपाशीच राहिले. अर्ध्या तासानं पाऊस थांबल्यावर फडक्यानं वायरी पुसल्या तर पठ्ठी एका झटक्यात सुरू!

काकू आठवडाभरात बरी होऊन घरी आली. गाडी मात्र काकांच्या मनातून उतरली ती उतरलीच. त्यानंतर ते तिच्यात बसले नाहीत. आठवड्यातून एकदा शेडमध्येच स्टार्ट करायचे, दहा मिनिटांनी बंद. मी एकदा सुचवून पाहिलं, 'काका, हिची व्हिंटेज नोंदणी करून टाकू.' २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी तसा नियम आणलाय. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही.

'म्हणजे शोकेसमधली बाहुली,' काका म्हणाले. 'त्यापेक्षा गेलेली बरी.'

या ऑगस्टमध्ये काकूचा फोन आला. 'भंगारवाला येऊन बघून गेलाय. गणपती झाले की नेतो म्हणालाय. तुला एकदा बसायचं असेल तर ये.' मी तसाच शुक्रवारी ऑफिसातून सुटल्यावर विरार लोकलला लटकलो.

अंधारात दिसलेला दोष

वसईत संध्याकाळी उतरलात की पहिली जाणवते ती हवा. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला समुद्र. पावसाळ्यात इथलं लोखंड गंजतं, पापड सादळतो, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. मग गाडीच्या रबरानं काय करावं?

जेवणं झाल्यावर मी काकांना म्हटलं, 'काका, एकदा स्टार्ट करा. पण शेडचा दिवा बंद ठेवून.' शेड तिन्ही बाजूंनी उघडी, म्हणून धुराची भीती नव्हती. काकांनी कटकट न करता चावी फिरवली. मी गाडीचं तोंड आधीच उघडून ठेवलं होतं. इंजिन सुरू झालं आणि काळोखात प्लगच्या वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या पळताना दिसायला लागल्या. एक इथे, एक तिथे. फवाऱ्याच्या बाटलीतून लांबूनच थोडं पाणी मारलं, तर ठिणग्या दुप्पट झाल्या आणि इंजिन लगेच अडखळायला लागलं. अगदी निर्मळच्या तळ्यापाशी अडखळलं होतं तसंच.

काका खाली उतरून बघत राहिले. मग म्हणाले, 'वर्षभर मी प्लगच बदलत बसलो.'

यामागचा फंडा सोपा आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. कॉइल त्याचे दहा-वीस हजार व्होल्ट करते. एक जाड वायर तो करंट डिस्ट्रिब्युटरला देते (आपल्याकडचे मेस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात). डेल्कोच्या टोपीखाली फिरणारा रोटर तो चार वायरींमध्ये पाळीपाळीनं वाटतो आणि प्रत्येक वायर आपापल्या प्लगपर्यंत नेते. एकूण पाच वायरी. वायरीवरच्या रबराला चिरा पडल्या की करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच जवळच्या लोखंडात उडी मारतो. कोरड्या हवेत निभावून जातं. पाऊस आणि खारी हवा लागली की खेळ खलास.

म्हणजे काकांची गाडी म्हातारी झाली नव्हती. तिच्या पाच वायरी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

एक काढायची, एक घालायची

शनिवारी सकाळी उलटी ट्रेन पकडून ऑपेरा हाउस गाठलं. तिथल्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानांत अजूनही मीटरवर वायर मिळते. दुकानदारानं विचारलं, 'कॉपर की कार्बन?' आतली तार तांब्याची असेल तर वायर वर्षानुवर्षं टिकते, पण रेडिओत खरखर येते. कार्बनची वायर ती खरखर दाबते, पण ओढाताण झाली की आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही. माझ्या डोळ्यांसमोर काकूचा रेडिओ आला. मग तोडगा निघाला. सात मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर आणि प्लगवर बसवायला रेझिस्टरवाल्या टोप्या. त्या टोप्या खरखर बऱ्यापैकी आवरतात. सगळं मिळून दोन पिझ्झांच्या पैशात!

दुपारी घरी आलो तर काका बाजारात निघालेले. जाताना फक्त एवढंच बोलले, 'एक काढायची, एक घालायची. दुसरीला तोवर हात लावायचा नाही.'

आणि मी काय केलं? पाचही वायरी एकदम उपटल्या, टोपी स्वच्छ पुसली आणि रांगेत मांडून ठेवल्या. एमबीए झालंय ना आपलं! या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२, हे मला पाठ होतं. एक नंबरची वायर कुठे होती, तेही लक्षात होतं. तिथून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं एक, तीन, चार, दोन अशा वायरी बसवल्या. चावी फिरवली.

फाट्! कार्ब्युरेटरमधून असा आवाज आला की आंब्यावरचे सगळे कावळे उडाले. शेजारची म्हातारी मावशी ओरडली, 'कुणाचं लग्न आहे रे?' आणखी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा तेच.

तेवढ्यात काका आले, सोबत कोपऱ्यावरचे रिटायर झालेले मेस्त्री. त्यांनी वायरींकडे एक नजर टाकली. मला हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, 'पोरा, डेल्कोची टोपी काढ. आणि गाडी टॉपच्या गिअरात टाकून, चावी बंद ठेवून हळूच ढकल.' गिअरमध्ये ढकलली की इंजिन फिरतं आणि इंजिनाबरोबर रोटरही. मी ढकलली. रोटर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत होता!

ऑर्डर बरोबर, दिशा चुकीची. त्यामुळे दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल झाली होती. या इंजिनात दोन आणि तीनचे पिस्टन जोडीनं वर-खाली होतात. तीन ठिणगीसाठी तयार असतो तेव्हा दोन धूर बाहेर टाकून नवी हवा आत घ्यायला लागलेला असतो. नेमकी तेव्हा त्याच्यात ठिणगी पडली की जाळ उलटा कार्ब्युरेटरमध्ये. म्हणून ते 'फाट्'. आणि म्हणून 'एक काढायची, एक घालायची'. काकांनी चार शब्दांत सांगितलेलं मला शिकायला कावळे उडवावे लागले.

वायरींचे रस्ते

दोन वायरी बदलून घातल्यावर गाडी लगेच सुरू झाली. मला वाटलं, झालं काम. मेस्त्री म्हणाले, 'आता खरं काम. वायरी जातात कुठून ते बघ.'

मग तासभर त्यांनी मला टायरवर बसवून शिकवलं. वायर प्रत्येक प्लगपर्यंत मोजूनच कापायची. ताणलेली नको, कारण चालत्या इंजिनाच्या हिसक्यांनी टोकं सुटतात. लोंबती नको, कारण ती जाऊन गरम सायलेन्सरच्या पाइपाला नाहीतर पंख्याला लागते. पत्र्याच्या धारेवर घासायला नको. आणि सगळ्या वायरींची एक वेणी घालून टायनं आवळायची तर अजिबातच नाही. दिसायला छान दिसतं, पण तीननंतर पाळी चारची आणि दोननंतर एकची. शेजारी-शेजारी सिलिंडर, पाठोपाठ पाळ्या. या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या तर एकीतला करंट दुसरीत उमटून भलत्या वेळी ठिणगी पडू शकते. अमेरिकन गाड्यांच्या मोठ्या व्ही-एट इंजिनांत हा त्रास जास्त, आपल्या एवढ्याशा वायरींत कमी. पण मेस्त्री म्हणाले, 'सवय चांगली असावी.' मग प्लॅस्टिकच्या कंगव्यासारख्या पट्टीत प्रत्येक वायरीला आपापली खाच मिळाली. टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे ओल आत शिरणार नाही.

रात्री पुन्हा दिवा बंद. गाडी स्टार्ट. पाण्याचा फवारा. काळोखच काळोख, एकही ठिणगी नाही!

काका काहीच बोलले नाहीत. पण रविवारी दुपारी चहा पिता पिता म्हणाले, 'अर्नाळ्याला जाऊन येऊ का रे?'

पंधरा किलोमीटर, साठ वर्षं

सुरुवात किल्ल्यापासून केली, कारण काकांची सुरुवात तिथूनच असते. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं सांभाळलेला हा किल्ला १७३९च्या मेमध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. पावसाळ्यात तिथली पडकी चर्चं हिरव्या शेवाळानं माखलेली असतात आणि आतल्या झाडीत तुम्ही एकटेच. गाडी तिथल्या अरुंद रस्त्यावर काकांनी एका झटक्यात वळवली. हेराल्डची ती खासियतच, जवळजवळ जागच्या जागी वळते!

तिथून पापडी, बंगली आणि मग वाड्यांमधला रस्ता. तुम्ही स्टेशनवरूनच वसई पाहिली असेल तर तुम्हाला फक्त टॉवर्स आणि ट्रॅफिक माहीत. पश्चिमेला हा पट्टा अजून बऱ्यापैकी हिरवा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या चळवळीचा त्यात मोठा वाटा. केळीच्या बागा, कौलारू घरं, अंगणातले क्रूस, तुळशी वृंदावनं, विहिरी. इथलीच ती राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी. एसी लावून, काचा वर करून गेलात तर हे सगळं पाच मिनिटांत मागे पडतं. हेराल्डमध्ये एसी नाही. चाळीसच्या वर काका जात नाहीत. त्यामुळे ओल्या मातीचा, शेणाचा, मासळीचा वास क्रमाक्रमानं आत येतो आणि दर दोन किलोमीटरला कुणीतरी हात दाखवून विचारतं, 'काय, अजून चालते?'

निर्मळच्या तळ्यापाशी काकांनी वेग कमी केला. डावीकडे बघितलं. थांबले नाहीत.

पुढे आगाशी आणि मग अर्नाळा. किनाऱ्यावर कोळीवाड्याच्या होड्या ओढून ठेवलेल्या, समोर बेटावरचा किल्ला. समुद्र खवळलेला, म्हणून पलीकडे जायचा प्रश्नच नव्हता. टपरीवर चहा घेतला. काका गाडीकडे पाठ करून बसले होते, पण तिसऱ्या घोटाला मान वळलीच.

परतताना आभाळ फुटलं. असा पाऊस की वायपर नुसते हात जोडत होते. रस्त्यावर पाणी. मला २०१८चा जुलै आठवला, वसई-विरारमध्ये पाणी भरून लोकल बंद पडल्या होत्या आणि मिठागरांत माणसं अडकली होती. निर्मळचं तळं जवळ आलं. काकांनी रेडिओ ऐकावा तसा कान इंजिनाकडे लावला होता. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. तळं डावीकडचं उजवीकडे आलं, मागे गेलं. इंजिनाचा सूर जराही बदलला नाही.

अर्धा किलोमीटर पुढे गेल्यावर काकांनी विचारलं, 'वायर केवढ्याला पडली?'

मी आकडा सांगितला. ते हसले. मग बराच वेळ नुसतेच वायपरकडे बघत राहिले. 'त्या दिवशी तिला काही झालं असतं तर...' एवढंच म्हणाले आणि गिअर बदलला.

घरी पोचलो तर काकू दारात. काकांनी छत्री न घेताच शेडमधून ओसरीपर्यंत उडी मारली आणि थेट फोन उचलला. भंगारवाल्याला त्यांनीच कळवलं. काकूनं मला टॉवेल दिला, आम्हा दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला. 'कार्तिकात निर्मळच्या जत्रेला मी येईन गाडीतून. पण पोटात दुखलं तर मात्र मला रिक्षा हवी. आधीच सांगून ठेवते.'

काका म्हणाले, 'मान्य.'

तुम्हीही जाणार असाल तर...

कसं जाल: पश्चिम रेल्वेनं वसई रोड स्टेशन. तिथून पश्चिमेला वसई गाव आणि किल्ल्यासाठी बस, रिक्षा मिळतात. अर्नाळ्याला विरार स्टेशनवरूनही जाता येतं. स्वतःची गाडी असेल तर किल्ला-पापडी-निर्मळ-आगाशी-अर्नाळा असा आतला रस्ता धरा.

कधी जाल: पावसाळ्यात हिरवाई बघायला. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीनं जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते.

गाडी जुनी असेल तर: पावसाळ्याआधी एका रात्री दिवे बंद करून, मोकळ्या हवेत, बोनेटखाली नजर टाका. चालू इंजिनाच्या वायरींना हात मात्र लावू नका, झटका जबरदस्त बसतो. वायरी बदलायच्या तर इंजिन थंड करून, बॅटरीची वायर काढून. आणि हो, एक काढायची, एक घालायची!